फुल माउथ इम्प्लांट: फिक्स ब्रिज की काढता येणारी बत्तीशी?

दातांच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रूसारखे इम्प्लांट करायचे हे नक्की झालंय, सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढून झालाय, हाड कुठे पुरेसं आहे आणि कुठे नाही ते डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलंय, आणि आता घोडं अडलंय ते वर काय बसवायचं यावर, अशा लोकांसाठी हे लिहितोय. ज्यांचे आठ-दहा दात अजून घट्ट उभे आहेत त्यांनी आधी ते वाचतात का हे दुसऱ्या डॉक्टरला विचारा, सगळे एकदम काढून टाकायची घाई नको. बाकीच्यांनी पुढे वाचा.

निवड मुळात दोनातच आहे. एक म्हणजे स्क्रूने कायमचा आवळलेला ब्रिज, जो फक्त डेंटिस्टच काढू शकतो. दुसरी म्हणजे इम्प्लांटवर क्लिपने बसणारी बत्तीशी, जी तुम्ही स्वतः काढता-घालता. फिक्सवाल्यांची जाहिरात जोरात असते आणि त्यामागे कामही खरं आहे. पोर्तुगालच्या पावलो मालो यांनी चार इम्प्लांटवर अख्खा जबडा उभा करायची पद्धत रुळवली, खालच्या जबड्यावरचा त्यांचा अभ्यास 2003 मध्ये आला. पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन 45 अंशांपर्यंत तिरके, म्हणजे खाली नस वाचते, वर सायनस वाचतो आणि बऱ्याच जणांचं हाड भरायचं काम टळतं. इम्प्लांट बसवताना पकड चांगली मिळाली, म्हणजे आवळण्याचा जोर साधारण 35 न्यूटन सेंटीमीटरच्या आसपास किंवा वर गेला, तर त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत टेंपररी दात मिळतात. क्लिपवाल्या बत्तीशीला इतकं ग्लॅमर नाही, पण 2002 साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरची बत्तीशी हाच पहिला पर्याय धरावा असं एकमताने मांडलं होतं. वर मात्र हाड मऊ असतं, तिथे सहसा चार तरी लागतात, आणि टाळू मोकळी ठेवायची असेल तर चाराच्या खाली कुणी शक्यतो उतरत नाही.

मी दोन्ही वापरलंय, म्हणून बोलतोय. हाडाने इम्प्लांट घट्ट धरेपर्यंतचे सगळे महिने माझ्या तोंडात अॅक्रिलिकचा फिक्स टेंपररी ब्रिज होता, वर आणि खाली. फायनलला मी त्याच इम्प्लांटवर धातूचा बार आणि त्यावर क्लिपने बसणारी बत्तीशी घेतली. डॉक्टरांना जरा नवल वाटलं, कारण लोक उलट दिशेने जातात.

फिक्सचं कौतुक आधी करतो, कारण ते खोटं नाहीये. सकाळी उठलो की दात तोंडातच, शिंक आली, जोरात हसलो, कुणी रात्री अचानक दार वाजवलं, काही फरक पडत नाही. चावताना हलत नाही. हिरडीवर दाब येत नाही म्हणून टोचणं, सोलवटणं जवळपास नाहीच. आणि आपण कवळी लावतो ही भावनाच मनातून जाते, ज्यांना ती फार लागते त्यांच्यासाठी एवढ्यावरच निकाल लागायला हरकत नाही.

माझं बिनसलं ते ब्रिजच्या खालच्या फटीवरून. ब्रिज आणि हिरडी यांच्यात थोडी जागा राहते, काही ठिकाणी ती सफाईसाठी मुद्दाम ठेवतात. त्या जागेत टोमॅटोची बी, तीळ, पालेभाजीचा धागा, काय वाटेल ते जाऊन बसतं, आणि जीभ दिवसभर तिथेच घुटमळत राहते, पोचत मात्र नाही. चूळ भरून निघत नाही. मग वॉटर फ्लॉसर काढा, त्यात पाणी भरा, बेसिनवर वाका, अर्धं पाणी शर्टावर घ्या, त्यानंतर तो जाड स्पंजी फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा दोरा, एका फटीतून घालून दुसरीकडून ओढा, आरशात उजवं-डावं उलटं दिसत असताना, तेही मागच्या दाढांपाशी, जिथे माझी दोन बोटं एकत्र जातच नाहीत. घरी हे जमतं. बाहेर जेवण झालं की सगळे गप्पा मारत बसलेत आणि आपण वॉशरूममध्ये वाकून उभे, किंवा मग ते तसंच ठेवून पुढचे चार तास तोंड जरा मिटूनच बोलायचं कारण वास येत असेल अशी शंका. मला हे रोज, म्हणजे खरंच रोज खटकायचं, आणि डोक्यात एकच विचार यायचा की आज हाताला कंप नाहीये, नजर ठीक आहे, पंधरा वर्षांनी कोण करणार हे? इम्प्लांटला कीड लागत नाही पण भोवतीची हिरडी सुजते, मग हाड झिजायला लागतं, आणि त्यात न निघणारी घाण हे मोठं कारण असतं. सिगरेट किंवा आटोक्यात नसलेली शुगर असेल तर आणखीच.

आता जेवण झालं की बत्तीशी काढतो, नळाखाली धुतो, बारवर ब्रश फिरवतो, टक् करून परत बसवतो, झालं. कण हिच्याखालीही जातात, जास्तच जातात म्हणा ना, पण काढून धुतल्यावर विषय संपतो.

न्यायाचं बोलायचं तर टेंपररी ब्रिज फायनलइतका गुळगुळीत नसतो. चांगल्या लॅबचा, खालून नीट फुगीर आकार दिलेला आणि पॉलिश केलेला झिर्कोनियाचा, म्हणजे कडक सिरॅमिकचा, ब्रिज घेतला असता तर माझा वैताग निम्मा झाला असता, शक्य आहे. फक्त वर-खाली दोन्हीकडे झिर्कोनिया असेल तर दातांवर दात आपटल्याचा कपबशीसारखा आवाज येतो असं ज्यांनी बसवलंय ते सांगतात. खऱ्या दाताच्या मुळाभोवती जो दाब ओळखणारा पडदा असतो तो इम्प्लांटला नसल्यामुळे आपण किती जोरात चावतोय ते नीट कळत नाही, म्हणून रात्री दात खाणाऱ्यांना नाइट गार्ड सांगतात आणि अॅक्रिलिकचे दात अधूनमधून तुटतात, हे दोन्ही प्रकारांत आलंच.

काढत्या बत्तीशीचेही त्रास आहेत. क्लिपमधलं प्लॅस्टिक झिजतं, पकड सैल पडते, ते बदलायला जावं लागतं. काम किरकोळ आहे पण चक्कर चुकत नाही. रात्री ती काढून ठेवायची, आणि दात नसलेला आपला चेहरा आरशात बघायची सवय व्हायला मला वेळ लागला. सुरुवातीला "स" आणि "च" जरा घसरतात, मोठ्याने पेपर वाचला की जमतं. वरच्या ओठाला मात्र हिच्या पुढच्या गुलाबी भागाचा आधार मिळतो, हाड बरंच झिजलेलं असेल तर फिक्समध्ये तो मिळवणं अवघड जातं आणि चेहरा बसका दिसतो. पैशाचं म्हणाल तर दोन इम्प्लांट आणि बारऐवजी प्रत्येकावर सुटे अटॅचमेंट असतील तर खूप वाचतात, माझ्यासारखा मिल्ड, म्हणजे मशीनवर कोरलेला, बार घेतला तर फार फरक राहत नाही, त्यामुळे स्वस्त म्हणून इकडे येऊ नका.

काही जणांनी फिक्सच घ्यावा असं मीच म्हणेन. तोंडात काही सुटं ठेवलं की उमासा येतो, वय कमी आहे, हात चपळ आहेत, साफसफाईची आधीपासून शिस्त आहे, तर बिनधास्त. आणि कधी कधी निवड आपल्या हातात नसतेच, बार, क्लिप आणि वरचे दात यांना मिळून उंचीत साधारण 12 मिलिमीटरच्या पुढे जागा लागते, हाड फारसं झिजलेलं नसेल तर ती मिळत नाही. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मोजायला सांगा.

माझं मत विचाराल तर साठीच्या पुढे असाल, किंवा सांधे धरत असतील, तर काढता येणाऱ्याकडे झुका. ठरत नसेल तर टेंपररी फिक्स आहे तोवर मागच्या दाढांखालची सफाई रोज स्वतः करून बघा, आठवड्याभरात उत्तर मिळेल. त्याआधी फायनलचा साचा देऊ नका, आणि याच इम्प्लांटवर पुढे प्रकार बदलता येईल ना हे विचारून घ्या. इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, जाडी-लांबी लिहून घ्या, कारण एका कंपनीचा स्क्रू दुसरीला बसेलच असं नाही आणि डॉक्टर बदलावा लागला तर पहिला प्रश्न तोच येतो.