उभयचरांची सूची आणि जीबिफ: आढळासाठी उत्तम, नावांसाठी अपुरं

सह्याद्रीतल्या बेडकांची नावं आणि आढळ यांची संदर्भसूची करायची तर कच्चा माल जीबिफवरूनच (ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी, म्हणजे सजीवांच्या नोंदींचा जागतिक ऑनलाइन साठा) घ्यावा. २००१ साली सुरू झालेला, कोपनहेगनला सचिवालय असलेला हा साठा मोफत आहे. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांपासून आयनॅचरलिस्ट या हौशी निसर्गनिरीक्षकांच्या संकेतस्थळावरच्या फोटोंपर्यंत सगळ्या नोंदी एकाच साच्यात मिळतात. डाउनलोडला खातं लागतं. प्रत्येक डाउनलोडला स्वतंत्र डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) मिळतो, तो सूचीत लिहून ठेवाच, कारण साठा सतत बदलत असतो.

फाइल टॅबने विभागलेली असते. ती एक्सेलमध्ये थेट उघडू नका, यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतन पद्धत निवडून इम्पोर्ट करा, नाहीतर ‘ड्युमेरिल’ (Duméril) सारख्या रोमन लिपीतल्या नावांतली स्वरचिन्हं बिघडतात.

खरी अडचण नावांची. राना टायग्रिना म्हणून नोंदलेला मोठा बेडूक आपोआप होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसखाली येतो, हे चांगलंच. पण फेजर्वार्या लिम्नोकॅरिसचं काय? हे नाव मुळात जावातल्या बेडकाचं. भारतात कित्येक वर्षं शेतातल्या लहान बेडकांना सरसकट तेच लावलं गेलं. आज त्यांतले बरेच मिनर्वार्या या प्रजातीत (जीनस), वेगवेगळ्या जातींत मोडतात. इथे पर्यायी नाव बदलून भागत नाही, कारण चूक ओळखीची आहे आणि यंत्राला ती दिसत नाही. अशा नोंदी ‘मिनर्वार्या, जात अनिश्चित’ म्हणून वेगळ्या ठेवाव्यात. मूळ नोंदीतलं नाव ज्या रकान्यात असतं तो कधीही पुसू नये, आणि वैध नाव अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या उभयचर सूचीवरून ताडून शेजारच्या रकान्यात लिहावं, तपासल्याच्या तारखेसह.

आढळाच्या बाबतीत जीबिफ खूपच समाधानकारक आहे, मात्र गाळणी हवी. शून्य अक्षांश-रेखांशाच्या नोंदी काढा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर महाराष्ट्रातला बेडूक थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जातो. तिथे नोंद टाकून न देता आकडे उलटे करून पाहा. सर्वांत फसवा प्रकार संकटग्रस्त जातींचा. आंबोलीच्या झँथोफ्रायनी टायगेरिनासारख्या भेकाची नेमकी जागा उघड होऊ नये म्हणून आयनॅचरलिस्ट बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही ठेवतं. हे संरक्षण योग्यच आहे, पण त्यामुळे घाटमाथ्यावरची नोंद तळकोकणात उमटू शकते. मीटरमधली अनिश्चितता दाखवणारा रकाना पाहा: ५,००० च्या वरची नोंद नकाशावर नको. रकाना रिकामा असेल तर ती अचूक समजू नका, गावाच्या नावाशी ताडून पाहा.

नोंदी रस्त्यांलगत आणि पर्यटनस्थळी दाटलेल्या असतात. म्हणून आढळाच्या तक्त्यात ‘नोंद नाही’ आणि ‘शोधूनही आढळला नाही’ हे दोन वेगळे शेरे ठेवा. दुसरा शेरा जीबिफच्या साध्या डाउनलोडमधून भरता येत नाही, त्यासाठी सर्वेक्षणाचे अहवालच हवेत.