जिवंत सिलियेटांचा प्रात्यक्षिक-संच: कुपी उत्तम, पुस्तिका कच्ची

गवत पाण्यात कुजत ठेवलं की सिलियेट, म्हणजे अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारे एकपेशीय जीव, आपोआप मिळतात, मग संच विकत कशाला घ्यायचा, असं आमच्या विभागात बहुतेकांचं म्हणणं होतं. मी अडून बसले ते डिडिनियम या शिकारी सिलियेटासाठी. कुजक्या गवतात कोल्पोडा हमखास येतो, नशीब असेल तर पॅरामेशियमही येतं. पण पॅरामेशियम खाणारा शिकारी आपल्याला हवा तेव्हा हजर होत नाही. आता या संचावर एक अख्खं सत्र प्रात्यक्षिकं घेऊन झाली, म्हणून लिहिते.

खोक्यात पॅरामेशियम कॉडेटमच्या 'अ' आणि 'ब' अशा दोन कुप्या, हिरवं पॅरामेशियम बर्सेरिया, स्टेंटॉर, टेट्राहायमेना, डिडिनियम, शिवाय पाणी घट्ट करणारं मिथिल सेल्युलोज, केंद्रक रंगवणारं मिथिल ग्रीन, खळग्याच्या स्लाइड आणि एक पुस्तिका. झाकणावर 'सर्वांत साधे प्राणी' असं ठळक छापलंय. साधे नाहीत आणि प्राणीही नाहीत, पण ते असो.

डिडिनियम पुटीच्या, म्हणजे कवचाआडच्या सुप्त, अवस्थेत येतो, त्यामुळे प्रवासात मरत नाही. ताज्या पॅरामेशियमच्या पाण्यात टाकला की पुटीतून बाहेर पडतो. आकार पिंपासारखा, पुढे टोकदार सोंड, अंगाभोवती पक्ष्माभिकांचे, म्हणजे त्या बारीक केसांचे, दोन पट्टे. सावजाचा माग काढणं वगैरे काही दिसत नाही. गरगरत फिरतो, धडकला की सोंड रुतवतो. पॅरामेशियम ट्रायकोसिस्ट, म्हणजे बचावाच्या काड्या, सोडतं, दोघांच्या मध्ये बारीक काड्यांचा गुंता होतो, डिडिनियम थोडा मागे ढकललाही जातो, पण सोंड सुटत नाही. मग तोंड रुंदावत जातं आणि स्वतःपेक्षा लांब सावज दुमडून आत घेतलं जातं. हे दिसताना प्रयोगशाळेत एरवी मोबाइलमध्ये रमलेली मुलंही सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावतात.

खरी मजा नळ्यांमध्ये. गॉझ या रशियन शास्त्रज्ञाचे १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग या संचावर जवळजवळ तसेच करता येतात. मोकळ्या पाण्यात शिकारी सगळं सावज फस्त करतो आणि मग स्वतःही उपाशी मरतो. तळाशी लपायला गाळ असेल, तर काही पॅरामेशियम वाचतात, डिडिनियम संपतो आणि वाचलेली पुन्हा वाढतात. आम्ही गाळाऐवजी कापसाचे तंतू टाकले, तरी जमलं. पुस्तिकेत मिथिल सेल्युलोज फक्त 'स्लाइडवर वेग कमी करण्यासाठी' दिलंय. वास्तविक १९७३ मध्ये लकिनबिल या संशोधकानं याच मिथिल सेल्युलोजनं अख्खं माध्यम घट्ट केलं होतं. दोघांचीही चाल मंदावली, गाठी कमी पडल्या, आणि त्याला पॅरामेशियमचं खाद्य आखडतं ठेवण्याची जोड दिल्यावर शिकारी आणि सावज बराच काळ एकत्र टिकले. म्हणजे परिसंस्थाशास्त्राचा पुढचा प्रयोग त्याच पुडीत आहे आणि पुस्तिकेला त्याचा पत्ता नाही.

आनुवंशिकीच्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. 'अ' आणि 'ब' हे दोन वेगळे संयुग्मन-प्रकार, म्हणजे एकमेकांशी जोडी जुळवू शकणारे गट. पॅरामेशियममध्ये असे प्रकार असतात हे सोनेबॉर्न या शास्त्रज्ञानं १९३७ मध्ये दाखवलं. एकाच पेशीपासून वाढलेली सगळी पिलावळ सहसा एकाच प्रकारची असते आणि आपसात जुळत नाही, म्हणून दोन कुप्या देणं अगदी योग्य. पण पुस्तिका म्हणते, 'दोन्ही थेंब मिसळा व निरीक्षण करा.' खाऊन-पिऊन सुस्त पेशी एकमेकींकडे ढुंकूनही बघत नाहीत! आधी त्यांची उपासमार करावी लागते, आणि हे वाक्य पुस्तिकेत कुठेच नाही. खाद्य बंद करून मिसळल्या तर आधी गोळे होतात, त्यातून हळूहळू जोड्या सुट्या होतात.

मुलांना इथे जे शिकवायचं ते असं: दोन पेशी जुळतात, केंद्रकांची देवाणघेवाण करतात आणि दोनच वेगळ्या होतात. लैंगिक क्रिया झाली, संख्या वाढली नाही. लहान केंद्रक पुढच्या पिढीचा ठेवा सांभाळतं, मोठं रोजचा कारभार चालवतं. संयुग्मनानंतर जुनं मोठं केंद्रक मोडीत निघतं आणि नवं तयार होतं. ते घडताना जनुकीय मजकुराची काटछाटही होते. पॅरामेशियम टेट्राऑरेलियात असे सुमारे ४५,००० तुकडे कापून टाकले जातात, आणि मोठ्या केंद्रकात उरतात ती जनुकं सुमारे ४०,०००, आपल्यापेक्षा दुप्पट. सर्वांत साधे म्हणे! मिथिल ग्रीननं मोठं केंद्रक छान हिरवं उठतं. लहान शोधायला चारशेपट वर्धन आणि चिकाटी लागते.

टेट्राहायमेनाला पुस्तिकेत दोन ओळी. ज्या जिवावरच्या कामातून टेलोमेअरचा, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा, क्रम, ते टोक लांबवणारं विकर टेलोमरेज आणि स्वतःला कापणारा आरएनए हाती आले, १९८९ आणि २००९ च्या नोबेल पारितोषिकांचा मोठा वाटा ज्याच्या नावावर जमा आहे, त्याच्याबद्दल फक्त 'नासपतीच्या आकाराचा, चपळ'. कुपीतलं माध्यम निर्जंतुक असतं हेही सांगितलेलं नाही. उघड्या टेबलावर झाकण काढलंत, तर जिवाणूंमुळे ते लवकरच गढूळ होईल.

बर्सेरियाची कुपी निर्दोष. पेशींच्या आतलं हिरवं शैवाल स्पष्ट दिसतं, उजेडात ठेवलं तर टिकतं. फॉइल गुंडाळून अंधारात ठेवलेल्या कुपीतल्या पेशी फिकट होत जातात. स्टेंटॉर आमच्याकडे मेलेले आले. कळवल्यावर बदलून दिले, विनातक्रार. बदलून आलेले निळसर कर्णे नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यांसारखे दिसत होते.

मागवायचा असेल तर पॅरामेशियमची कुपी आल्या आल्या थोडी वेगळी काढून वाढवायला लावा. डिडिनियमची भूक भागवायला खोक्यातला साठा पुरत नाही, आणि सगळं त्यालाच घातलंत तर संयुग्मनासाठी काही उरणार नाही.