घरपोच एसटीडी पॅकेज: पीसीआर ठीक, कल्चरच्या नावाने बोंब

पुण्यातल्या एका लॅबचं घरी येऊन सॅम्पल नेणारं एसटीडी (लैंगिक संबंधातून होणारे आजार) टेस्टचं पॅकेज घेतलं होतं, नाव टाकत नाही. पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन्ही पीसीआरचे.

लघवीला जळजळ, पू येतोय, म्हणजे काय असणार याचा अंदाज होताच (गनोरिया, जुनी माणसं परमा म्हणायची तो), प्रश्न एवढाच की औषध कुठलं लागू पडेल. चौकातल्या मेडिकलवाल्याने तर काही विचारायच्या आत सिप्रो या अँटिबायोटिकची पट्टी काउंटरवर काढून ठेवली. अरे बाबा, सिप्रोला हा जंतू आता भीक घालत नाही! डब्ल्यूएचओने १२ देशांतून २०२४ चे नमुने तपासले, त्यात ९५ टक्के जंतू सिप्रोला पुरून उरले, आणि त्या १२ देशांत भारतही आहे. म्हणून ठरवलं की आधी टेस्ट, मग गोळी.

बुकिंग सोपं, लॅबचा मुलगा वेळेवर आला, गेटवर वॉचमनला फक्त ब्लड टेस्ट म्हणून सांगितलं, त्याबद्दल त्याला खरंच धन्यवाद. पीसीआरचा रिपोर्टही पटकन आला, गनोरिया पॉझिटिव्ह, क्लॅमिडिया (असाच दुसरा लैंगिक आजार) निगेटिव्ह. इथपर्यंत सगळं झकास.

पण पीसीआर जंतूचा डीएनए पकडते, जंतू मेलेला असला तरी पकडते, आणि कुठलं औषध चालेल ते या पॅकेजमधली पीसीआर सांगत नाही. त्यासाठी जिवंत जंतू वाढवून (ते कल्चर) त्याच्यावर औषधं लावून बघावी लागतात (ती सेन्सिटिव्हिटी). म्हणून मी कॉलसेंटरला आधीच विचारलं होतं की गनोरियाचं कल्चर होतं का, तर मॅडम म्हणाल्या हो सर, कल्चर सेन्सिटिव्हिटी ॲड करते, आणि वेगळे पैसे लावले. प्रत्यक्षात काय केलं तर त्याच लघवीच्या डबीवर साधं युरिन कल्चर, आणि ती डबी बर्फाच्या खोक्यातून गेली. हा जंतू भयंकर नाजूक, थंडी सोसत नाही, सुकला की मरतो, लघवीच्या नेहमीच्या कल्चरला जे मीडियम (जंतूंचं खाद्य) वापरतात त्यावर वाढत नाही. त्याला चॉकलेट अगार (तापवलेल्या रक्ताचं मीडियम, चॉकलेट फक्त रंगाला) लागतं, कार्बन डायऑक्साइड लागतो. तर एकाच मेलमध्ये दोन पीडीएफ, एकीत पॉझिटिव्ह आणि दुसरीत ‘नो ग्रोथ’. फोन केला तर उत्तर, सर इन्फेक्शन गेलं असेल. पू चालूच आहे आणि म्हणे गेलं असेल!

शेवटी एका सरकारी हॉस्पिटलच्या स्किन-व्हीडी ओपीडीत गेलो, तिथेच सुरक्षा क्लिनिक, म्हणजे या आजारांसाठीचं सरकारी क्लिनिक असतं. गर्दी, बाकावर अर्धा दिवस, काउन्सेलरच्या खोलीचं दार नीट लागत नाही त्यामुळे आतलं बाहेर ऐकू येतं, हे सगळं आहेच. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की अँटिबायोटिक काही घेतलंय का, नाही म्हटल्यावर लगेच स्वॅब (काडीने आतून पुसून नमुना) घेतला, एक काचेवर फिरवला आणि दुसरा तिथल्या तिथे प्लेटवर. स्वॅब दुखतो, खोटं कशाला सांगू. मग ती प्लेट एका बरणीत, बरणीत पेटती मेणबत्ती, वरून झाकण घट्ट. मेणबत्ती विझते तोवर आत हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड झालेला असतो. टेक्निशियन दादांनी मायक्रोस्कोपखालची काचही दाखवली, पूच्या पेशींच्या आत गुलाबी जोड्या-जोड्या, राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा.

औषध मात्र रिपोर्टसाठी थांबवलं नाही, करडं किट (या लक्षणासाठी ठरलेलं औषधांचं पाकीट) लगेच हातात दिलं, सेफिक्झिम ४०० आणि ॲझिथ्रो १ ग्रॅम, फुकट. पार्टनरलाही आणा म्हणाले, नुसतं तुमचं करून उपयोग नाही. आठवड्याने परत बोलावलं तेव्हा कल्चरचा रिपोर्ट तयार, पेनिसिलिन आणि सिप्रो दोन्ही बाद, सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन चालतात. चला, सुटलो.

यात मला खटकलं ते वेगळंच. बहुतेक ठिकाणी लक्षण बघून किट देतात आणि विषय संपतो. पेशंटच्या दृष्टीने सोयीचंच आहे ते, एका फेरीत काम होतं, पण जिवंत नमुना कुठेच जात नाही, मग किटमधली गोळी निकामी व्हायला लागली तर कळणार कुणाला आणि कसं? डब्ल्यूएचओच्याच आकड्यांत सेफिक्झिमला न जुमानणारे जंतू २०२२ मध्ये १.७ टक्के होते, २०२४ मध्ये ११ टक्के. कंबोडिया-व्हिएतनाममध्ये प्रकार सगळ्यात वाईट आहे, पण जंतूला काय पासपोर्ट लागतो का. सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन अजून चांगलं चालतंय, पण त्याला न जुमानणारे जंतूही २०२४ पर्यंत ०.८ वरून ५ टक्क्यांवर आलेत आणि त्याच्या मागे रांगेत मोजकीच नवी औषधं आहेत.

तर पॅकेज घ्यायचं असेल तर पीसीआरपुरतं घ्या, कल्चरवरची टिक काढून टाका. किंवा कॉलसेंटरला एवढंच विचारा की स्वॅब घेणार का आणि चॉकलेट अगारवर लावणार का. ‘सर मी चेक करून सांगते’ आलं की समजून जा. जवळचं सुरक्षा क्लिनिक कुठे ते १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर विचारता येतं, कॉल फ्री आहे. जाताना पाण्याची बाटली न्या, आणि स्वॅबच्या आधी दोन-एक तास लघवीला जाऊ नका, नाहीतर परत बाकावर बसवतात.