जिगसॉ की क्रमांक पद्धत? सहावीच्या वर्गातला अनुभव

गट पाडून शिकवायचं एवढं ठरलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: जिगसॉ घ्यायची की क्रमांक पद्धत? शिक्षकांच्या प्रशिक्षणात दोन्हींची ओळख झालेली असते, त्यामुळे पायऱ्या सविस्तर सांगत बसत नाही. मी सहावीच्या भूगोलाला दोन्ही वापरल्या. वर्गात ३६ मुलं, तासिका ३५ मिनिटांची.

मन आधी जडलं ते जिगसॉवर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरॉन्सन यांनी ती १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सुरू केली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तेव्हा तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि शाळांत मारामाऱ्या चालू होत्या. धड्याचा एकेक तुकडा एकेकाच्या हाती दिला की ज्याच्याशी पटत नाही त्याचंही ऐकून घ्यावंच लागतं. कल्पना खरोखर हुशारीची आहे, आणि आमच्याकडे गाडी अडली तीही इथेच.

'खडक व खडकांचे प्रकार' या धड्याचे मी चार तुकडे केले: अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित आणि महाराष्ट्रातले खडक. चौघांचे नऊ मूळ गट, गटात प्रत्येकाकडे एक तुकडा. एकच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो शिकतात, ती त्या तुकड्याची 'तज्ज्ञ'; मग आपापल्या मूळ गटात परतून बाकीच्यांना शिकवतात. (एका तुकड्याचे नऊ तज्ज्ञ एकत्र बसवू नका, नुसता कालवा होतो. दोन-तीन टोळ्या करा.) पहिल्या दिवशी तज्ज्ञ गट इतके रंगले की घंटा झाली तरी पोरं उठेनात. मूळ गटात येऊन शिकवायचं दुसऱ्या दिवशी. तो निघाला आठवडी बाजाराचा दिवस. हजेरी घेतली तर सात जण गैरहजर. मागच्या बाकावरून एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमचा संगमरवर आलाच नाही." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या गटाला रूपांतरित खडक शिकवणारं कोणीच नव्हतं आणि अजून दोन गटांची तीच गत. गट जोडायला बाकं ओढण्यात आठ-दहा मिनिटं गेली. शेवटी चुनखडीचा संगमरवर कसा होतो ते मीच फळ्यावर लिहून दिलं. म्हणजे पुन्हा तेच, मी बोलतोय आणि पोरं उतरवून घेतायत.

एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण पुढे सोयाबीनची काढणी आली, मग लग्नसराई, मग कुणाच्या गावची जत्रा. ज्या पद्धतीत एक मूल नाही आलं तर तीन मुलांचा धडा अर्धा राहतो, ती आमच्या हजेरीपटाला झेपणारी नाही. तुमच्याकडे रोज ३६ पैकी ३५ येत असतील आणि जोडतासिका मिळत असेल, तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल.

क्रमांक पद्धतीत त्या मानाने दाखवण्यासारखं काही नाही. गटात एक ते चार नंबर द्यायचे, प्रश्न विचारायचा, डोकी एकत्र आली की कुठलाही एक नंबर पुकारायचा आणि त्या नंबरवाल्याने उत्तर द्यायचं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्पेन्सर केगन यांच्यामुळे ती जगभर पोचली. चार नंबरवाला घरी राहिला तर एक नंबरवालाच चारही होतो, धडा अडत नाही. माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात चार चिठ्ठ्या असतात. चिठ्ठी मीच काढतो, पण उघडून वाचायला पोरांनाच देतो, नाहीतर "सर मुद्दाम आमचाच नंबर काढतात" सुरू होतं.

तिच्यातही खोट आहेच. हुशार पोरगं उत्तर सांगतं आणि बाकीचे तिघं पाठ करतात. यावर मी एक केलं: आधी दोन मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून पाटीवर लिहायचं, मगच डोकी जुळवायची. तरी पाठांतर पूर्ण थांबलं असं नाही म्हणणार. पण एकदा वर्गात कधीच तोंड न उघडणाऱ्या एका पोराचा तीन नंबर निघाला. बाकीचे तिघं ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत होते, आणि तो म्हणाला, "जांभा कोकणात, आपल्याकडं बेसाल्ट. आमची विहीर त्यातच फोडलीय." विहिरीचं पुस्तकात नव्हतं आणि गटातल्या कोणीही त्याला ते सांगितलेलं नव्हतं.

जिगसॉ मी सोडलेली नाही. वर्षातून एकदा, शनिवारी, एकाच बैठकीत संपेल एवढा छोटा धडा घेऊन करतो. तुकडे वाटायच्या आधी हजेरी घेतो.