‘भूमिका’ की ‘बालगंधर्व’: आधी कोणता पाहावा?

नटीचं आयुष्य सांगणारा सिनेमा सुचवा म्हटलं की आपल्याकडे दोन नावं पुढं येतात: श्याम बेनेगल यांचा हिंदी ‘भूमिका’ (१९७७) आणि रवी जाधव यांचा मराठी ‘बालगंधर्व’ (२०११). पहिल्यात नाचगाण्यावर घर चालवणारी बाई आहे. दुसऱ्यात शालू नेसून रुक्मिणी, भामिनी उभ्या करणारा पुरुष.

नाट्यसंगीताची ओढ असेल, घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून पाहायचं असेल, तर ‘बालगंधर्व’ लावा. आनंद भाटे यांचा आवाज सुबोध भावे यांच्या मुद्रेत पुरता मिसळून जातो. या गाण्यांसाठी भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच मुलगी दगावली आणि तरी नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, तोंडाला रंग लावून उभे राहिले, तो प्रसंग बघताना घशाशी आवंढा येतो.

पण सिनेमा नायकापुढं सतत हात जोडून उभा आहे. त्यांच्या नाटक कंपनीचा थाट दिसतो, कर्जही दिसतं. मात्र त्याची झळ सोसणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मनात कॅमेरा फारसा शिरत नाही. गायिका-नटी गोहर कर्नाटकी यांच्या वाट्याला तर फारच थोडं आलं आहे. जिथं पुरुषानं नायिका गाजवली, त्याच गंधर्व नाटक मंडळीत पुढं गोहरबाईंच्या रूपानं खरी स्त्री नायिका म्हणून आली. केवढी उलथापालथ ती! ती पाहायला मिळायला हवी होती.

ही उणीव ‘भूमिका’त नाही. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो बेतला आहे, नायिकेचं नाव मात्र उषा. वाडकर प्रामुख्यानं सिनेमातल्या. त्यामुळे निव्वळ नाटकाचं जग शोधणाऱ्याला इथं स्टुडिओच जास्त दिसेल. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बाविशीतल्या. कोवळी पोर, लोकप्रिय नटी, थकलेली आई, हे सगळं त्या एकाच चेहऱ्यावर दाखवतात. बायकोच्या कमाईवर जगून तिच्यावरच संशय घेणारा अमोल पालेकरांचा केशव पाहा. एरवीचे साधेभोळे पालेकर पार विसरायला होतात.

सगळ्यात अस्वस्थ करतो तो काळ्यांच्या वाड्याचा भाग. अमरीश पुरींचा विनायक काळे मारझोड करत नाही. घर देतो, मान देतो, फक्त उंबरठा ओलांडू देत नाही. अंथरुणाला खिळलेली त्याची पहिली बायको उषाला जे सांगते, ते ऐकून मी सिनेमा थांबवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. मोकळं होण्यासाठी उषाला ज्याच्याकडे मदत मागावी लागते, तो पुन्हा तिचा नवराच.

गोविंद निहलानींच्या छायाचित्रणात भूतकाळाचा रंग वेगळा ठेवलाय आणि कथा मागेपुढे जाते. पहिली वीस मिनिटं लक्ष देऊन पाहावी लागतात. लहान मुलांसोबत पाहण्याजोगा हा सिनेमा नव्हे.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर माझं मत ‘भूमिका’ला. ‘सांगत्ये ऐका’ मात्र सिनेमानंतर वाचा, म्हणजे उषा कुठं संपते आणि हंसाबाई कुठं सुरू होतात ते नीट कळतं.