आईंना 'नाही' न म्हणणारा फॉर्म

जुलैत लेस्टरला पुतणीचं लग्न होतं. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आधी इंग्लंड, मग तिथूनच महिनाभर ठाण्याला, असा बेत ठरला. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. आम्हा चौघांचे पासपोर्ट अमेरिकेचे, आईंचा भारतीय आणि वर ग्रीनकार्ड. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही.

अमेरिकी पासपोर्टवर इंग्लंडला फिरायला जायचं तर व्हिसा लागत नाही, पण ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए लागतो. ही आधी काढायची ऑनलाइन परवानगी. ती पासपोर्टच्या नंबरला जोडलेली असते, दोन वर्षं चालते आणि तान्ह्या बाळालाही वेगळी काढावी लागते. मला हे कळलं विमान कंपनीच्या ईमेलमधून, रात्री साडेअकराला, ओटा आवरून झाल्यावर. फोनवर 'यूके ईटीए' टाकलं आणि सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं होतं. दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसलं, पण झोप आली होती.

पान निळं, कोपऱ्यात मुकुट. पत्त्यात यूके होतं, ईटीए होतं, शेवटी मात्र डॉट कॉम. फॉर्म इतका सुटसुटीत की कौतुक वाटलं. आईंची पाळी आली तेव्हा यादीतून 'इंडिया' निवडलं, शेजारी हिरवी बरोबरची खूण उमटली आणि पुढचं पान उघडलं. ती हिरवी खूण मला अजून दिसते.

माणशी १०९ डॉलर. पाच जणांचे ५४५. सरकारी काम आहे, असेल महाग, म्हणून कार्डाचा नंबर घातला. खरी फी तेव्हा माणशी १६ पौंड होती (९ एप्रिल २०२५ च्या आधी तर १०). चौघांचे ६४ पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने ८७ डॉलरच्या आसपास. हा हिशेब मी नंतर केला. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन दुकानं हिंडणारी बाई मी!

दुसऱ्या दिवशी आम्हा चौघांची परवानगी आली आणि ती खरी होती. म्हणजे त्या लोकांनी माझीच माहिती सरकारी पानावर भरली आणि मधले पैसे खिशात घातले. आईंच्या नावापुढे मात्र 'तपासणी चालू आहे'. दोन दिवसांनी ईमेल आला, आणखी ६० डॉलर भरा, तुमचा अर्ज तातडीच्या रांगेत घेतो. मी भरणारच होते, तेवढ्यात लेस्टरहून भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, झाली ना सगळी तयारी?"

"हो, फक्त आईंचा ईटीए अडकलाय."

पलीकडे दोन क्षण काहीच नाही. "आईचा ईटीए? वहिनी, भारतीय पासपोर्टवर ईटीए मिळतच नाही. तिला व्हिसा लागतो."

मी चक्क वाद घातला. दोन वर्षांपूर्वी आई हीथ्रोवरूनच भारतात गेल्या होत्या, तेव्हा काही लागलं नव्हतं. भाऊजींनी शांतपणे समजावलं की तेव्हा त्या विमान बदलून गेल्या, विमानतळाबाहेर पडल्याच नव्हत्या, आणि ग्रीनकार्ड असल्यामुळे तेवढ्यापुरती सूट होती.

मग त्यांनी पाठवलेलं खरं सरकारी पान उघडलं. त्याच्या पत्त्यात गव्ह डॉट यूके आहे. तिथे व्हिसा लागतो का ते तपासायची सोय आहे आणि ते सगळ्यात आधी विचारतं, पासपोर्ट कुठल्या देशाचा? 'इंडिया' म्हटलं की व्हिसा काढा असं सांगून मोकळं होतं. त्या रात्री मला कुणी असं स्पष्ट सांगितलं असतं तर कदाचित आई लग्नाला असत्या. ईटीएसाठी सरकारचं ॲपही आहे. ते पासपोर्टच्या आतली चिप वाचतं, चेहऱ्याचा फोटो घेतं आणि फी कापून घेतं. मधे कुणी लागत नाही.

लग्नाला अकरा दिवस उरले होते. व्हिसासाठी आधी बोटांचे ठसे द्यायला तारीख घ्यायची आणि त्यानंतर साधारण तीन आठवडे. जास्तीचे पैसे भरून लवकर मिळवायची सोय होती, पण आमच्या भागात तारीखच मिळेना. शेवटी आईंचं तिकीट बदललं आणि त्या न्यूयॉर्कहून थेट मुंबईला गेल्या. नातीसाठी घेतलेली पैठणी त्यांनी माझ्या बॅगेत स्वतः घडी घालून ठेवली. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मुहूर्ताला ठाण्यात दुपारचे चार वाजून गेले होते. आई नेसून-सवरून मुठीत अक्षता घेऊन फोनसमोर बसल्या होत्या.

परत आल्यावर बँकेशी भांडले. फॉर्मच्या तळाशी 'आम्ही खासगी कंपनी आहोत, सेवाशुल्क मान्य आहे' अशी चौकट होती आणि तिच्यात मीच टिक केली होती. चौघांचं काम झालंय, त्यामुळे ते पैसे मिळणार नाहीत, असं बँकेने कळवलं. आईंचे १०९ डॉलर तेवढे परत आले. फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, तक्रार नोंदवली. पैशांपेक्षा जास्त भीती पाच पासपोर्टांच्या फोटोंची होती, म्हणून तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे) सगळ्यांच्या नोंदी गोठवल्या, म्हणजे आमच्या नावावर कुणी कर्ज काढू नये. ते फुकट होतं. फक्त मुलांची कागदपत्रं टपालाने पाठवावी लागली.

परवा मैत्रीण म्हणाली, युरोपला जाणार आहोत, ईटायस, म्हणजे युरोपची ईटीएसारखी परवानगी, काढून ठेवते, एक साइट सापडलीय. ईटायस अजून सुरूच झालेला नाही. २०२६ च्या अखेरीस सुरू व्हायचाय आणि फी २० युरो ठरलीय. तिला म्हटलं, तुझी साइट दाखव बघू. निळीच होती.