खोल्यांचा रंग की बाथरूमचे सांधे: जुन्या सदनिकेसाठी एक तुलना

जुनी सदनिका विकायला किंवा भाड्याने द्यायला काढण्यापूर्वी दहा-बारा हजार रुपयांत आणि स्वतःच्या हातांनी काय करावे, असा प्रश्न ज्यांच्यापुढे असतो, ते बहुधा दोन कामांमध्ये अडकतात. एक म्हणजे खोल्यांना नवा रंग देणे आणि दुसरे म्हणजे बाथरूममधील फरश्यांचे सांधे, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी, उकरून त्या इपॉक्सी ग्राउटने, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या रेझिनच्या मिश्रणाने, पुन्हा भरणे. डोंबिवलीतील आमच्या १९९४ सालच्या इमारतीतील घरात मी ही दोन्ही कामे केली आहेत, आधी रंगाचे आणि काही महिन्यांनी सांध्यांचे. हा क्रम उलटा असता तर बरे झाले असते, असे मला आज वाटते.

रंगाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. हॉल आणि शयनगृह मिळून साहित्याला मला सुमारे ९,००० रुपये लागले. पुट्टी, जिला जुने रंगारी अजूनही लांबी म्हणतात, ती भरणे आणि पॉलिश पेपरने घासणे एवढाच भाग कष्टाचा असतो. त्यानंतर अस्तराचा (प्रायमरचा) एक हात आणि रंगाचे दोन हात मारायला विशेष कसब लागत नाही. घासताना उडणारी धूळ दारे बंद ठेवूनही स्वयंपाकघरातल्या डब्यांवर जाऊन बसते, परंतु ती पुसता येते. शिवाय दार उघडताच घर उजळलेले दिसते, आणि पाहायला येणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो, हे नाकारता येणार नाही.

माझे मत बदलले ते एका डागामुळे. रंगकाम दिवाळीपूर्वी संपले होते. संक्रांतीच्या सुमारास शयनगृहात पलंगामागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंग फुगलेला दिसला. अंगठ्याने दाबल्यावर तो भाजलेल्या पापडासारखा तुटला आणि आत कापसासारखा पांढरा, भुसभुशीत थर निघाला, जो बोटांत चोळताच त्याचे पीठ झाले. भिंतीला लोणा लागला होता, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर साचले होते. मी तो भाग खरवडला, पुन्हा पुट्टी भरली, अस्तर दिले आणि डब्यात उरलेला रंग लावला. तीन आठवड्यांत डाग परत आला, आणि आधी तळहाताएवढा होता तो आता ताटलीएवढा झाला. त्याहून अधिक त्रासदायक गोष्ट अशी की रंग त्याच डब्यातला असूनही दुरुस्त केलेला भाग बाजूच्या भिंतीशी एकजीव झाला नाही, आणि खिडकीतून तिरका उजेड आला की ते ठिगळ दारातूनच ओळखू येई. दुसऱ्यांदा दुरुस्ती केली, तेव्हाही तेच घडले.

पहिल्या वेळी मी पावसाला दोष दिला होता. परंतु पाऊस ऑक्टोबरमध्येच संपला होता आणि ती भिंत बाहेरची नव्हतीच. तिच्या पलीकडे आमचे बाथरूम आहे. तेथे बसून पाहिले तेव्हा खालच्या दोन ओळींतील फरश्यांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट नावालाच उरले होते, आणि काही ठिकाणी टाचणी अर्धी आत जात होती. आपल्याकडे बाथरूम ॲसिडने घासण्याची पद्धत घरोघरी आहे. फरशीच्या चकाकीला त्याने फारसे काही होत नाही, पण सांध्यांतले सिमेंट ॲसिडने वर्षानुवर्षे झिजत जाते. मग रोजच्या अंघोळीचे पाणी सांध्यांतून आत उतरते, फरशीमागच्या मसाल्यात साचते, विटांमधले क्षार विरघळवून पलीकडच्या कोरड्या बाजूला येते आणि तेथे वाळताना ते क्षार मागे ठेवते. रंगाचा थर त्या क्षारांच्या वाढीला आवरू शकत नाही. थोडक्यात, मी भिंतीवर जे करत होतो त्याचा दुखण्याशी काहीच संबंध नव्हता.

सांध्यांचे काम दिसायला लहान आहे, पण ते रंगापेक्षा अधिक सावधपणे करावे लागते. जुन्या बांधकामात फरश्या जवळजवळ चिकटून बसवलेल्या असल्यामुळे सांधे हाताच्या अवजाराने दोन-तीन मिलिमीटर रुंद करून घ्यावे लागले, आणि त्यात दोन फरश्यांच्या कडांचे टवके उडाले. मी सगळी भिंत न घेता फक्त जमीन आणि खालचे तीन फूट घेतले, कारण तांब्या-बादलीच्या अंघोळीत पाण्याचा मारा तेवढ्याच भागावर असतो; शॉवर वापरणाऱ्यांना अधिक वर जावे लागेल. उकरलेले सांधे धूळ काढून दोन रात्री टेबलफॅनखाली पूर्ण वाळवले. इपॉक्सीचे दोन भाग आणि पूड एकत्र कालवली की अर्ध्या-पाऊण तासात मिश्रण घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी वाटीभरच करावे. भरलेला सांधा लगेच ओल्या स्पंजने पुसावा लागतो. पहिल्या वाटीच्या वेळी मी पुसायला उशीर केला, तर फरशीवर दुधट साय धरली आणि ती काढायला एक पूर्ण दुपार गेली. अवजारांसह खर्च सुमारे २,५०० रुपये आला, दोन रविवार गेले आणि बाथरूम त्यानंतर तीन दिवस बंद ठेवावे लागले. एकच बाथरूम असलेल्या घरात ही अडचण मोठी आहे. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचे बाथरूम वापरू दिले म्हणूनच आमचे निभावले.

आता घराच्या किमतीविषयी. नवा रंग पाहून कोणी किंमत वाढवून दिल्याचे मला तरी आठवत नाही, कारण नवीन मालक बहुतेक वेळा आपल्या पसंतीचा रंग लावणारच असतो. ओलीचा डाग मात्र किंमत पाडतो, आणि डागावर ताजा रंग दिसला तर मालकाने काहीतरी झाकले आहे असा संशय येतो. आमचे घर पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी हॉलकडे ओझरते पाहिले, पण शयनगृहात पलंग सरकवायला लावून भिंतीवर तळहात टेकवला आणि मग बाथरूमचा दिवा लावून ते खाली बसले. सगळेच इतके बारकाईने पाहत नसतील, तरी ज्यांनी जुन्या इमारतीत दिवस काढले आहेत ते नक्की पाहतात. शिवाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरातील बाथरूम-सिंकच्या गळतीची दुरुस्ती सदस्यानेच स्वखर्चाने करायची असते, त्यामुळे खालच्या मजल्यावरची तक्रारही घराबरोबर नव्या मालकाकडे जाते आणि ती भाव करताना निघते.

अर्थात प्रत्येक घराला हे लागू पडेल असे मी म्हणणार नाही. भिंती कोरड्या असतील तर निःशंकपणे रंगच द्यावा. शंका असल्यास दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा; भिंतीकडच्या बाजूला दव साचले तर ओल आतून येते आहे असे समजावे. गळती भिंतीतल्या नळाची असेल किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडाशी फट असेल, तर सांधे भरून उपयोग होणार नाही आणि प्लंबरला बोलवावेच लागेल. घरातले सगळे नळ बंद असताना पाण्याचा मीटर फिरत असेल, तर आधी तिकडे पाहावे.

आमच्याकडे फेब्रुवारीत सांधे भरल्यानंतर मी ती भिंत खरवडून पुढच्या दिवाळीपर्यंत उघडीच ठेवली. आत मुरलेले पाणी निघून जायला महिने लागतात, आणि त्या काळात वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून केरात टाकावा लागतो. तो पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीतच जिरतात. मे महिन्यानंतर झाडायला काही उरले नाही, आणि पावसाळ्यातही भिंत तशीच राहिली. मग ठिगळ न लावता ती एकच भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवली. त्यानंतर दोन पावसाळे झाले, आणि अजून पलंगामागे हात फिरवला तर भिंत कोरडी लागते.